ओएलईडी स्क्रीनमधलं खरं काम वायरींचं

ओएलईडीचं (ऑरगॅनिक लाइट एमिटिंग डायोडवाल्या स्क्रीनचं) कौतुक करताना सगळे काळ्या रंगाबद्दल बोलतात, की बघा काळा म्हणजे कसा खरोखर काळा, पिक्सेलच बंद, आणि ते खरंच आहे. पण त्या चमकणाऱ्या थरापर्यंत करंट आणून पोचवणाऱ्या ज्या वायरी आणि इलेक्ट्रोड (थराच्या दोन्ही बाजूंनी करंट आत-बाहेर नेणारे कंडक्टर) असतात त्यांच्याबद्दल कुणीच फारसं बोलत नाही. मला मात्र या सगळ्या प्रकारात तोच भाग सगळ्यात भारी वाटतो. चमकणारं केमिकल कितीही चांगलं असू दे, स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात आणि उजव्या कोपऱ्यात एकसारखा पांढरा दिसायला हवा असेल तर तो प्रश्न शेवटी वायरींपाशीच येऊन थांबतो, म्हणून आज फक्त वायरींबद्दल लिहितोय. जरा लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

सुरुवात एका साध्या फरकापासून करू. एलसीडीमध्ये पिक्सेलला फक्त व्होल्टेज लागतं. मागे बॅकलाइट जळत असतो, पिक्सेलचं काम पडद्यासारखं उघडझाप करण्याचं, त्यासाठी एक छोटा कपॅसिटर एकदा चार्ज केला की पुढची फ्रेम येईपर्यंत काम झालं, पिक्सेलमधून सतत करंट जातच नाही. ओएलईडीमध्ये पिक्सेल स्वतः दिवा आहे. जेवढा करंट तेवढा उजेड, आणि तो करंट पूर्ण वेळ चालू राहिला पाहिजे. म्हणजे लाखो छोट्या दिव्यांना एकाच वेळी करंट पुरवायचा, तोही केसापेक्षा कितीतरी बारीक वायरींमधून, आणि प्रत्येक वायरीला स्वतःचा रेझिस्टन्स आहे, करंट गेला की तिच्यावर व्होल्टेज पडणारच. ओहमचा नियम आपण सगळे शाळेत शिकलोय, या पोस्टमध्ये त्याच्यापुढचं गणित जवळजवळ नाहीच.

१९८७ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक या दोघांनी जो पेपर छापला तिथून आजची ओएलईडी सुरू होते. त्यांचं डिव्हाइस बघितलं तर अगदी साधं होतं: काचेवर आयटीओचा थर, त्यावर दोन ऑरगॅनिक (कार्बनी रसायनांचे) थर मिळून साधारण १३५ नॅनोमीटर, आणि वर मॅग्नेशियम-चांदीच्या मिश्रधातूचा कॅथोड, म्हणजे निगेटिव्ह बाजूचा इलेक्ट्रोड. दहा व्होल्टच्या आत चांगला लख्ख हिरवा उजेड. आयटीओ म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड, हा पारदर्शक असूनही करंट नेतो म्हणून एक इलेक्ट्रोड त्याचा करायचा, कारण उजेड कुठून तरी बाहेर पडला पाहिजे ना! आणि इथेच गोची आहे, पारदर्शक आणि चांगला कंडक्टर या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. आयटीओची रेझिस्टिव्हिटी अॅल्युमिनियमच्या कितीतरी पट, अगदी चांगल्या फिल्मची घेतली तरी चाळीस-पन्नास पट.

पातळ फिल्मचा रेझिस्टन्स मोजायची एक मस्त पद्धत आहे, ओहम पर स्क्वेअर. फिल्मचा कुठलाही चौकोन घ्या, एक मिलिमीटरचा घ्या नाहीतर एक मीटरचा, समोरासमोरच्या दोन कडांमधला रेझिस्टन्स सारखाच येतो, कारण लांबी जेवढी वाढली तेवढीच रुंदी पण वाढली. म्हणून कुठल्याही पट्टीचा रेझिस्टन्स काढायचा तर लांबीत असे किती चौकोन बसतात ते मोजायचं आणि गुणायचं. डिस्प्लेवर वापरतात तसा आयटीओ साधारण १० ओहम पर स्क्वेअर धरा, आणि १०० नॅनोमीटर जाडीचं अॅल्युमिनियम ०.३ च्या आसपास.

आता हे आकडे हातात घेऊन एक प्रत्यक्ष वस्तू बघू. आर्डुइनोवाल्यांकडे (हौसेने इलेक्ट्रॉनिक्सचे प्रयोग करणाऱ्यांकडे) तो छोटा ०.९६ इंची ओएलईडी मॉड्यूल असतोच, १२८ बाय ६४ पिक्सेलवाला, आतमध्ये एसएसडी१३०६ नावाची चिप. हा पॅसिव्ह मॅट्रिक्स डिस्प्ले आहे, म्हणजे पिक्सेलमध्ये एकही ट्रान्झिस्टर नाही, फक्त उभ्या पट्ट्या आणि आडव्या पट्ट्या, मध्ये ऑरगॅनिक थर, जिथे दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथे एक पिक्सेल. एका वेळी एकच आडवी ओळ चालू असते, मग पुढची, मग पुढची, आणि हे इतक्या वेगात होतं की आपल्याला सगळं एकत्र दिसतं. प्रत्येक ओळीच्या वाट्याला फक्त ६४ पैकी १ भाग वेळ येतो, म्हणून सरासरी १०० निट (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजेड दिसायला हवा असेल तर चालू असलेल्या क्षणी पिक्सेलने ६४०० निट उजेड टाकावा लागतो. पिक्सेल बिचारा त्या क्षणात प्रचंड ताण घेतो.

या मॉड्यूलमध्ये उभ्या पट्ट्या आयटीओच्या आणि आडव्या धातूच्या, आणि हे असंच का, उलटं का नाही, हा माझ्या मते इलेक्ट्रोड डिझाइनमधला पहिला आणि सगळ्यात सुंदर धडा आहे. चिपच्या डेटाशीटमध्ये दिलंय की एका कॉलमला जास्तीत जास्त १०० मायक्रोअँप करंट मिळतो आणि एका ओळीला जास्तीत जास्त १५ मिलिअँप करंट खेचता येतो. आता बघा, ओळीतले १२८ च्या १२८ पिक्सेल चालू केले तर १२८ गुणिले १०० मायक्रोअँप म्हणजे १२.८ मिलिअँप, सगळा करंट एकाच आडव्या पट्टीतून परत येणार. कॉलमवर एका वेळी एकाच पिक्सेलचा करंट आणि ओळीवर सगळ्यांची बेरीज! डिस्प्लेची रुंदी साधारण २२ मिलिमीटर, पट्टी समजा ०.१५ मिलिमीटर रुंद, म्हणजे लांबीत जवळपास १४७ चौकोन. अॅल्युमिनियम असेल तर रेझिस्टन्स ४४ ओहम. करंट सगळा पूर्ण लांबीतून जात नाही, वाटेत एकेक पिक्सेलचा मिळत जातो, म्हणून ड्रॉप निम्मा धरायचा, तरी ०.३ व्होल्टच्या आत राहतो, चालतंय. तीच पट्टी आयटीओची केली असती तर जवळपास १४७० ओहम आणि ड्रॉप ९ व्होल्टच्या वर, आणि हा मॉड्यूल ७-८ व्होल्टवर चालतो! म्हणजे डिस्प्ले चालूच शकला नसता. उलट कॉलम आयटीओचा असला तरी लांबी ११ मिलिमीटर, ७३ चौकोन, ७३० ओहम, आणि करंट फक्त १०० मायक्रोअँप, ड्रॉप ०.०७ व्होल्ट, कुणाला कळणार पण नाही. जिथे बेरीज गोळा होते तिथे धातू आणि जिथे एकटादुकटा करंट जातो तिथे आयटीओ, बस.

आणि तरीही त्या ओळीचा ड्रॉप तुम्हाला घरी डोळ्यांनी बघता येतो. मॉड्यूलवर वर एक संपूर्ण पांढरी आडवी पट्टी काढा आणि खाली काही ओळींमध्ये दोन-चारच पिक्सेल पेटवा. खोली जरा अंधारी करून नीट बघा, पूर्ण भरलेल्या ओळी मंद दिसतात आणि तुरळक पिक्सेलवाल्या ओळी जास्त उजळ. कोडमध्ये सगळ्यांना सारखीच ब्राइटनेस दिलीय, पण भरलेल्या ओळीत १२-१३ मिलिअँप जातोय, पट्टीवर आणि चिपच्या आतल्या स्विचवर व्होल्टेज पडतंय, वरचं ७-८ व्होल्ट तयार करणारं सर्किट, म्हणजे चार्ज पंप, पण दमतोय, आणि कॉलमच्या करंट सोर्सला काम करायला जागाच उरत नाही. बरेच जण फोरमवर विचारतात की माझा मॉड्यूल खराब आहे का, तर नाही, तो ओहमचा नियम दाखवतोय.

त्याच मॉड्यूलबद्दल अजून एक. लायब्ररीत इनिशियलायझेशनच्या यादीत हेक्स डीए नावाची कमांड असते, बहुतेक जण कॉपी करून पुढे जातात. ती कमांड चिपला सांगते की या काचेवर ओळींच्या वायरी कशा ओढल्यात, डाव्या-उजव्या बाजूने एकाआड एक आल्यात की सलग. चिप काचेच्या खालच्या कडेला असते, ओळी मात्र बाजूने जोडायच्या असतात, मग अर्ध्या वायरी डावीकडून वर चढतात आणि अर्ध्या उजवीकडून, नाहीतर एकाच बाजूला ६४ वायरींची गर्दी होऊन काचेची कड रुंद झाली असती. ३२ ओळींचा मॉड्यूल आणि ६४ ओळींचा मॉड्यूल यांची ही व्हॅल्यू वेगळी असते आणि चुकीची टाकली की चित्रात एकाआड एक ओळी रिकाम्या येतात किंवा चित्र चेपलेलं दिसतं. सॉफ्टवेअरमधली एक व्हॅल्यू, पण तिचा अर्थ काचेवरच्या वायरींच्या रस्त्यात आहे.

बरं, धातूच्या आडव्या पट्ट्या करायच्या कशा हा पण एक किस्साच आहे. आयटीओच्या पट्ट्या करणं सोपं, फोटोरेझिस्ट (उजेडाने नक्षी उमटवता येणारं कोटिंग) लावा, एच करा, म्हणजे नको तो भाग केमिकलने खाऊन टाका, धुवा. पण ऑरगॅनिक थर टाकल्यावर तुम्ही तिथे पाणी, सॉल्व्हंट काहीच नेऊ शकत नाही, थर मरतो. मग वरच्या धातूला पट्ट्यांमध्ये कापणार कसं? यावर उत्तर असं निघालं की ऑरगॅनिक टाकायच्या आधीच काचेवर फोटोरेझिस्टच्या बारीक भिंती उभ्या करून ठेवायच्या, आणि त्या अशा की वर रुंद, खाली अरुंद, म्हणजे कडा आत तिरप्या गेलेल्या. मग व्हॅक्यूममध्ये धातूची वाफ वरून येते, भिंतीच्या माथ्यावर बसते, खाली काचेवर बसते, पण भिंतीच्या आत गेलेल्या कडेखाली पोचत नाही, आणि धातूची फिल्म तिथे आपोआप तुटते. कापायची गरजच नाही! पायोनियर कंपनीने १९९७ मध्ये जपानमध्ये कार स्टिरिओसाठी जो हिरवा ओएलईडी डिस्प्ले बाजारात आणला, २५६ बाय ६४ चा, तो याच जातीचा पॅसिव्ह मॅट्रिक्स. ही भिंत लक्षात ठेवा, पुढे टीव्हीत ती परत भेटणार आहे.

पॅसिव्ह मॅट्रिक्स मोठा का करता येत नाही ते वरच्या गणितातूनच दिसतं. ओळी वाढवल्या की प्रत्येकीचा वेळ कमी, पिक्सेलवरचा क्षणाचा करंट जास्त, कॉलम वाढवले की ओळीवरची बेरीज जास्त, पट्टी लांब झाली की रेझिस्टन्स जास्त, तिन्ही बाजूंनी कोंडी. कॉलम मध्येच तोडून वरून एक चिप आणि खालून एक चिप लावली की थोडा दिलासा मिळतो पण तेवढंच. फोन-टीव्ही सगळे अॅक्टिव्ह मॅट्रिक्स आहेत.

अॅक्टिव्ह मॅट्रिक्समध्ये प्रत्येक सबपिक्सेलखाली (पिक्सेलमधल्या एकेका रंगाच्या ठिपक्याखाली) स्वतःचे ट्रान्झिस्टर. सगळ्यात साध्या सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर: एक स्विच, जो डेटा लाइनवरचं व्होल्टेज आत घेतो, आणि एक ड्रायव्हर, जो त्या व्होल्टेजप्रमाणे करंट सोडतो. म्हणजे प्रत्येक पिक्सेलपाशी तीन प्रकारच्या वायरी येतात, आडवी स्कॅन लाइन, उभी डेटा लाइन, आणि पॉवरची व्हीडीडी लाइन, आणि वरती सगळ्यांचा मिळून एकच कॅथोड, संपूर्ण स्क्रीनवर पसरलेला. स्कॅन आणि डेटा या सिग्नलच्या वायरी, त्यांची काळजी वेळेची, ४के टीव्ही १२० हर्ट्झवर चालवला तर २१६० ओळींपैकी प्रत्येकीला चार मायक्रोसेकंदसुद्धा मिळत नाहीत आणि तेवढ्यात वायरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत व्होल्टेज पोचून स्थिर व्हायला पाहिजे, म्हणून मोठ्या पॅनेलमध्ये तांब्याच्या वायरी आल्या. पण माझं लक्ष व्हीडीडीवर आहे, कारण करंट तिच्यातून येतो.

फोनमधले ड्रायव्हर ट्रान्झिस्टर पी-टाइप असतात (गेटवरचं, म्हणजे कंट्रोलच्या टोकावरचं व्होल्टेज जितकं कमी तितका करंट जास्त) आणि त्यांचा सोर्स, म्हणजे करंट आत घेणारं टोक, थेट व्हीडीडी लाइनला जोडलेला. ट्रान्झिस्टर किती करंट सोडणार हे सोर्स आणि गेटमधल्या व्होल्टेजवर ठरतं, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात. समजा थ्रेशोल्डच्या (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणाऱ्या किमान व्होल्टेजच्या) वर १ व्होल्ट आहे, आणि वायरीवर ०.१ व्होल्ट पडलं, तर उरलं ०.९, त्याचा वर्ग ०.८१, उजेड १९ टक्क्यांनी कमी! फोनमध्ये व्हीडीडी बऱ्याचदा ४.६ व्होल्ट असतं, त्यातले ०.१ व्होल्ट म्हणजे कुणी ढुंकून बघणार नाही असा आकडा, पण पिक्सेलला तो १९ टक्के दिसतो. आणि हा ड्रॉप सगळीकडे सारखा नसतो, पॉवर जिथून आत येते त्या कडेच्या पिक्सेलना पूर्ण व्होल्टेज, लांबच्या पिक्सेलना उरलंसुरलं, कॅनॉलच्या हेडवाल्याचं शिवार भिजतं आणि टेलवाला वाट बघत बसतो तसं. वरून तो चित्रावर पण अवलंबून, स्क्रीनभर पांढरी वेबसाइट उघडली तर करंट जास्त, ड्रॉप जास्त, आणि डार्क मोड लावला की ड्रॉप जवळजवळ गायब.

इथे एक गैरसमज खूप दिसतो. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये पिक्सेलमागे सात ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असलेलं सर्किट असतं, ते ट्रान्झिस्टरमधले आपापसातले फरक भरून काढतं, मग लोक म्हणतात की झालं, युनिफॉर्मिटीचा प्रश्न सुटला. ते सर्किट थ्रेशोल्डचा फरक घालवतं हे खरं, पण त्या सर्किटचं नेहमीचं समीकरण सोडवून बघा, शेवटी करंट व्हीडीडी वजा डेटा याच्या वर्गावरच येतो. थ्रेशोल्ड गेला, व्हीडीडी तिथेच आहे. म्हणजे वायरीचा ड्रॉप सर्किटने जात नाही, तो वायरीनेच घालवावा लागतो. म्हणून व्हीडीडीच्या नुसत्या उभ्या लाइन ठेवत नाहीत, दुसऱ्या मेटल लेयरमध्ये आडव्या लाइन टाकून त्यांची जाळी विणतात, म्हणजे करंटला एक रस्ता लांबचा पडला तर बाजूचे शंभर रस्ते आहेत. सिग्नलच्या लेयरमध्ये टायटॅनियम-अॅल्युमिनियम-टायटॅनियम असा सँडविच, मध्ये अॅल्युमिनियम करंट नेतं आणि वर-खाली टायटॅनियम त्याला सांभाळतं, कारण नुसतं अॅल्युमिनियम गरम झालं की त्यावर टेंगळं येतात आणि ती वरच्या लेयरला भोसकून शॉर्ट करतात. जाळीला जागा लागते म्हणून एक्स्ट्रा मेटल लेयर आला, म्हणजे एक्स्ट्रा मास्क, एक्स्ट्रा खर्च, आणि तो खर्च कंपन्या आनंदाने करतात कारण दुसरा रस्ता नाही.

आता वरच्या बाजूला या, कॅथोडकडे. फोनमध्ये उजेड वरून बाहेर पडतो, ट्रान्झिस्टरच्या विरुद्ध बाजूने, याला टॉप एमिशन म्हणतात. खाली ट्रान्झिस्टर आणि वायरींची कितीही दाटी असू दे, उजेडाच्या वाटेत काही येत नाही. खालचा अॅनोड (पॉझिटिव्ह बाजूचा इलेक्ट्रोड) आयटीओ-चांदी-आयटीओ असा आरसा, आणि वरचा कॅथोड मॅग्नेशियम-चांदीचा, पण इतका पातळ की त्यातून आरपार दिसलं पाहिजे, १०-१५ नॅनोमीटर. सोनीने २००७ मध्ये एक्सईएल-१ नावाचा ११ इंची ओएलईडी टीव्ही काढला, पॅनेल फक्त ३ मिलिमीटर जाड, तो टॉप एमिशनचा. इतका पातळ धातू म्हणजे रेझिस्टन्स परत वाढला, आणि संपूर्ण स्क्रीनचा सगळा करंट याच एका फिल्ममधून कडेपर्यंत जायचा असतो. जाड केला तर उजेड अडतो, पातळ केला तर व्होल्टेज पडतं. फोन सात सेंटिमीटर रुंद, म्हणून कडेने चहूबाजूंनी एक जाड धातूची रिंग फिरवली आणि कॅथोड तिला टेकवला की भागतं. काठाला जी काळी बारीक पट्टी दिसते, जी अजून पातळ करा म्हणून सगळे मागे लागलेत, त्यातली बरीचशी जागा या रिंगने आणि ओळी चालवणाऱ्या सर्किटने खाल्लेली असते. कॅथोडवरचा ड्रॉप पिक्सेलच्या उजेडात लगेच दिसत नाही कारण ड्रायव्हर ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये असतो, थोडं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी तो करंट धरून ठेवतो, पण तो तसा धरून ठेवायला मधल्या पिक्सेललासुद्धा पुरेसं व्होल्टेज मिळावं म्हणून निगेटिव्ह सप्लाय गरजेपेक्षा खाली ओढून ठेवावा लागतो, आणि ते जास्तीचं व्होल्टेज कडेच्या सगळ्या पिक्सेलमध्ये नुसती उष्णता होऊन जातं. बॅटरी जाते ती अशी पण जाते.

पंचावन्न इंची टीव्ही घ्या. रुंदी १.२ मीटर. समजा फुल पांढऱ्यावर १५० वॉट आणि सप्लाय २० व्होल्ट, म्हणजे साडेसात अँपिअर, आणि तो १५ नॅनोमीटरच्या फिल्ममधून कडेपर्यंत न्यायचा? शक्यच नाही. एलजीने २०१३ मध्ये ५५ इंची ओएलईडी टीव्ही विकायला काढला तेव्हा पांढरा ओएलईडी, त्यावर कलर फिल्टर, आणि उजेड खालच्या काचेतून, म्हणजे बॉटम एमिशन. कॅथोड वरती, त्यातून कुणाला बघायचं नाही, मग हवा तेवढा जाड धातू टाका. लोक त्या टीव्हीच्या पांढऱ्या सबपिक्सेलची चर्चा करतात, मला विचाराल तर कॅथोडचा प्रश्न बाजूलाच ठेवून दिला हा त्यातला शहाणपणा होता. किंमत मोजावी लागलीच, ट्रान्झिस्टर आणि वायरी उजेडाच्या वाटेत आल्या, पिक्सेलचा चमकणारा भाग लहान झाला.

मोठ्या पॅनेलला टॉप एमिशनच करायचं असेल तर मग ऑक्झिलरी कॅथोड लागतो, म्हणजे खाली काचेवर पिक्सेलच्या मधल्या मोकळ्या जागेत जाड धातूच्या वायरी टाकायच्या आणि वरचा पातळ कॅथोड जागोजागी त्यांना टेकवायचा, म्हणजे करंट लगेच खाली उतरून जाड वायरीतून जाईल. ऐकायला सोपं, पण ऑरगॅनिक थर संपूर्ण पॅनेलवर पसरलेला असतो, त्या वायरींवर पण बसलेला, मग कॅथोड टेकणार कसा? एक रस्ता लेझरने तेवढ्या ठिकाणचा ऑरगॅनिक उडवून द्यायचा. आणि दुसरा रस्ता म्हणजे ती भिंत! वायरीपाशी एक वर रुंद खाली अरुंद असा कठडा करायचा, ऑरगॅनिकची वाफ सरळ रेषेत येते म्हणून कठड्याच्या आतल्या कडेखाली ती पोचत नाही, तिथे धातू उघडा राहतो, आणि मग वरचा पारदर्शक कॅथोड स्पटरिंगने (आयन आदळवून मटेरियलचे कण उडवायच्या पद्धतीने) टाकला की त्याचे कण सगळ्या बाजूंनी येतात, ते आत घुसतात आणि उघड्या धातूला जाऊन चिकटतात. पायोनियरच्या काळात जो आकार फिल्म तोडायला वापरला तोच आकार इथे जोडायला, फरक फक्त कण कुठल्या दिशेने येतात याचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक चक्कर मारून आलो, इतकं आवडलं होतं.

(पिक्सेलच्या चारी बाजूंना जी पॉलिइमाइडची बांध घातलेली असते तिथे मात्र बरोब्बर उलटं हवं असतं. ती अॅनोडची कड झाकते, कारण धारदार कडेवर फील्ड एकवटून शंभर-दीडशे नॅनोमीटरच्या थरात शॉर्ट होतो, आणि तिचा उतार अगदी सौम्य ठेवतात, नाहीतर वरचा १५ नॅनोमीटरचा कॅथोड चढतानाच तुटेल.)

फोनच्या खालच्या कडेला अजून एक गंमत असते. १०८० पिक्सेल रुंद स्क्रीन, फोनच्या पेनटाइल मांडणीत (लाल आणि निळे ठिपके प्रत्येकी हिरव्यांच्या निम्मेच असतात) प्रत्येक पिक्सेलला दोन सबपिक्सेल धरले तर २१६० डेटा लाइन, आणि त्या सगळ्या निमुळत्या होत होत एका बारीक चिपपर्यंत यायच्या. मधल्या लाइन सरळ खाली येतात, कडेच्या तिरक्या लांबून येतात, म्हणजे रेझिस्टन्स वेगळा. मग मधल्या लाइन मुद्दाम नागमोडी काढतात, म्हणजे त्यांची लांबी वाढून सगळ्यांची बरोबरी होते. २०१७ च्या आयफोन एक्ससारख्या फोनमध्ये तर स्क्रीनची खालची कड मागे दुमडलेली असते आणि या लाइन त्या वळणावरून जातात. वळणावर ठिसूळ इनऑर्गॅनिक थर काढून टाकतात, वायरींना सरळ पट्टी न ठेवता मध्ये भोकं असलेली साखळी करतात, एक कडी तडकली तरी करंट दुसरीकडून जातो, आणि वरून कोटिंग अशा जाडीचं देतात की ताणही नाही आणि दाबही नाही अशा मधल्या पातळीवर धातू यावा.

नॉचचं, म्हणजे कॅमेऱ्यासाठी स्क्रीनच्या वरच्या कडेला पाडलेल्या खाचेचं पण असंच. नॉचच्या दोन्ही बाजूंच्या ओळींमध्ये पिक्सेल कमी, म्हणून त्या स्कॅन लाइनवर कपॅसिटन्सचा भार कमी, सिग्नल लवकर चढतो, आणि त्या ओळी बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळ्या उजळ दिसू शकतात. उपाय म्हणजे नॉचच्या आसपास खोटे कपॅसिटर बसवायचे, जे काहीच दाखवत नाहीत, फक्त भार वाढवून बरोबरी करतात. आणि स्क्रीनखाली लपलेला कॅमेरा, झेडटीईच्या अॅक्सन २० ने २०२० मध्ये आणला तो, त्यानंतर आलेल्या काही पॅनेलमध्ये कॅमेऱ्यावरच्या पिक्सेलचे ट्रान्झिस्टर बाजूला सरकवून तिथून पारदर्शक आयटीओच्या वायरींनी करंट आणतात. म्हणजे आयटीओ परत वायर म्हणून कामाला लागला, आणि चालतोय, कारण एका वायरीवर एकाच पिक्सेलचा करंट आहे, ते छोट्या मॉड्यूलमधलंच गणित.

शेवटी हिरव्या लाइनबद्दल, कारण ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तीच विचारायची असेल. गेली काही वर्षं आपल्याकडे कितीतरी लोकांच्या फोनवर एके दिवशी अचानक वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवी रेष उगवते, फोन पडलेला नाही, पाण्यात गेलेला नाही. रेष उभी आहे म्हणजे गडबड एका डेटा लाइनवर आहे, एवढं नक्की समजा. कुठेतरी ती तुटलीय, चिपच्या किंवा फ्लेक्सच्या (लवचीक केबलच्या) जोडावर सैल झालीय, किंवा वळणावर तडकलीय. हिरवीच का, तर पेनटाइल मांडणीत हिरव्या सबपिक्सेलचा स्वतंत्र उभा कॉलम असतो, लाल आणि निळे मात्र एकाच कॉलममध्ये एकाआड एक. हिरव्याची लाइन गेली की शुद्ध हिरवी रेष, दुसरी गेली की लाल-निळं मिळून गुलाबी-जांभळी रेष, आणि तशा रेषासुद्धा लोकांना आल्यात. आणि बंद पडायच्या ऐवजी पेटते का, तर ड्रायव्हर पी-टाइप, डेटाचं व्होल्टेज जितकं कमी तितका पिक्सेल उजळ, लाइन तुटून तिचं व्होल्टेज खाली सरकलं की पूर्ण कॉलम फुल पेटतो. वर सरकलं असतं तर काळी रेष आली असती.

त्यामुळे कुणी म्हणालं की फॅक्टरी रिसेट करा, तर करून बघायला हरकत नाही पण तुटलेली वायर रिसेटने जुळत नाही. रेष कडेला अंगठ्याने हलकं दाबल्यावर किंवा फोन गार झाल्यावर येते-जाते का ते आधी बघा. येत-जात असेल तर जोड सैल असण्याची शक्यता जास्त, आणि बाँडिंग मशीनवाला तो जोड परत दाबून देऊ शकतो, पण दुमडलेल्या कडेच्या पॅनेलवर हे काम नाजूक आहे, करताना दुसऱ्या चार लाइन जाऊ शकतात हे त्याला आधीच विचारून घ्या. कायमची ठाम रेष असेल तर बहुतेक वेळा पॅनेल बदलणं आलं. वॉरंटी संपली असली तरी सर्व्हिस सेंटरला एकदा विचारा, काही कंपन्यांनी काही मॉडेलसाठी या रेषेपायी स्क्रीन फुकट बदलून दिल्यात, आणि हो, बॅकअप आजच घेऊन ठेवा, कारण एक लाइन गेलेल्या जोडावर शेजारच्या लाइन पण तेवढ्याच सैल असू शकतात.